ओल्या रेषेवरची गाडी

सोमवार, ६ फेब्रुवारी

ती. दादा,

पाकिटावरचे अक्षर ओळखून तू हे पत्र उद्यावर ढकलशील, अशी शक्यता धरून पहिल्याच ओळीत सांगते: घरी कोणी आजारी नाही, कोणी वारलेले नाही आणि मला पैसेही नको आहेत. एका अर्जाच्या बाबतीत तुझा सल्ला हवा आहे. फोन केला असता. पण फोनवर माझी वाक्ये अर्ध्यावर तुटतात आणि तू ‘हं, मग?’ म्हणालास की उरलेली अर्धीही पळून जातात, हे तुला ठाऊक आहे.

पालिकेने बाबांना दंड केला आहे. दवाखान्यासमोरच्या गल्लीत लोक गाड्या लावतात आणि रुग्णवाहिका अडकते, म्हणून फाटकापासून टपालपेटीपर्यंत पिवळी रेषा आखण्याचे काम पालिकेने बाबांनाच दिले होते. बाबांनी रेषा आखली आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे आपली व्हॅन तिच्यावर आणून लावली: डावी चाके फुटपाथला टेकवून, ओली रेषा गाडीच्या पोटाखाली. रंग सुकेपर्यंत आपली गाडी वर असली की दुसऱ्या कोणाचे चाक रेषेवरून जात नाही. आपल्या धंद्यातली ही पद्धत तुला समजावणे म्हणजे माशाला पोहायला शिकवणे झाले. पण हेच वाक्य मला अर्जात घालायचे असल्यामुळे तुझ्यावर तालीम करते आहे.

तर त्या व्हॅनच्या काचेवर दंडाची पावती चिकटली. कारण: ‘मनाई असलेल्या पिवळ्या रेषेवर वाहन उभे केले.’ बाबा गाडी काढायला गेले तेव्हा वाहनतपासनीस तिथेच उभा होता. तोच तो, ज्याच्या दुचाकीवरचा क्रमांक बाबांनी रंगवून दिला होता. त्यांच्यातले बोलणे बाबांनी घरी जसेच्या तसे सांगितले.

‘काका, रेषा कुणाची?’

‘माझी.’

‘मनाईचा फलक कुणी रंगवला?’

‘मीच.’

‘मग पावती तेवढी माझी असू द्या. सगळंच तुम्ही कसं करणार?’

आई हसली आणि म्हणाली, ‘आपलेच दात, आपलेच ओठ. भरून टाका आणि मोकळे व्हा.’ पण भरणे म्हणजे चूक कबूल करणे. ज्या रंगाऱ्यावर कामाच्या जागीच दंड कायम झाला, त्याचे नाव मंजूर यादीतून वर्षभर वगळायचे, असा पालिकेचा नवा नियम आहे. पालिकेचे काम गेले तर आपल्याकडे दुकानांच्या पाट्या तेवढ्या उरतात, आणि पाट्या आता लोक छापून आणतात. यादीत नाव राहणे हे बाबांच्या दृष्टीने दुकान उघडे राहणेच आहे.

अर्ज मी लिहिला. आळीतले सगळे अर्ज मीच लिहिते, त्यामुळे हात बसलेला आहे. ‘प्रस्तुत वाहन सदर रेषेच्या संरक्षणार्थ उभे करण्यात आले होते’ हे वाक्य मला बरे वाटले. बाबांना वाचून दाखवले, तर म्हणाले, ‘एवढं ऐकेपर्यंत रंग दुसऱ्यांदा सुकेल.’ अर्जाची प्रत सोबत जोडली आहे. तू आता रस्त्यांच्या कंपनीत आहेस. युक्तिवादात कुठे छिद्र राहिले असेल तर कळव.

बाबांची प्रकृती उत्तम आहे. हे पत्र मी लिहिते आहे, हे त्यांना ठाऊक नाही.

तुझी धाकटी बहीण


गुरुवार, १६ फेब्रुवारी

ती. दादा,

तुझे कार्ड मिळाले. दोन वर्षांनंतर घरात आलेले तुझे पहिले अक्षर, आणि त्यात केवळ एक प्रश्न: ‘रंग तासा-दीड तासात सुकतो. गाडी किती वेळ उभी होती?’ आईची चौकशी नाही, माझी तर नाहीच. तरी आईने ते कार्ड खिडकीपाशी नेऊन दोनदा वाचले आणि ‘अक्षर सुधारलंय’ एवढाच शेरा दिला. बाबा तेव्हा दुकानात होते.

तू ज्यावर बोट ठेवलेस, त्याच्यावरच पालिकेनेही ठेवले. आपला अर्ज फेटाळला गेला आहे. तपासनिसाने काढलेला फोटो त्यांनी उत्तराला जोडला होता. तो दुसऱ्या दिवशीच्या दुपारचा आहे. रंग आदल्या दिवशीच सुकला होता. मग कोरड्या रेषेचे कसले संरक्षण, असा त्यांचा प्रश्न आहे. मान्य नसेल तर पुढच्या महिन्यात सुनावणीला हजर राहावे, असे कळवले आहे.

बाबांना मी विचारले, ‘दुसऱ्या दिवशीही गाडी तिथेच का ठेवली होती?’ ते डब्यांची झाकणे पुसत होते. ‘राहिली’, म्हणाले. मी तिथेच उभी राहिले, तेव्हा म्हणाले, ‘तुला परीक्षेचं काही नाही का?’

म्हणून मी गल्लीत जाऊन रेषा पाहून आले.

आता एक दुरुस्ती करते. मागच्या पत्रात बाबांची प्रकृती ‘उत्तम’ आहे, असे लिहिले होते. तो शब्द चुकून पडला नव्हता, मी तो निवडून घातला होता. बाबांचा उजवा हात थरथरतो. तू गेलास तेव्हा थरथरत होता, त्याहून अधिक. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरतात. आई कप अर्धाच भरते आणि दोनदा देते. यावर घरात कोणी बोलत नाही. पाट्यांची अक्षरे अजून निभतात, कारण ती टेबलावर, मनगट टेकवून काढायची असतात. रस्त्यावर मनगट हवेत असते.

त्या दिवशी सूत धरायला मी होते. खडूची पूड चोळलेले सूत दोन टोकांना ताणायचे, मधोमध उचलून सोडायचे, की रस्त्यावर पांढरी खूण उमटते; तिथवर माझे काम. खूण सरळ होती. मग मी वाचनालयात निघून गेले आणि बाबांनी एकट्यानेच ब्रश धरला. चिकटपट्टी लावली नाही. ‘पट्टी लावून शेंबडं पोरही रेषा काढील’, हे त्यांचे वाक्य तुझ्याही कानात असेल.

फाटकापासून निम्म्यापर्यंत ती रेषा बाबांची आहे, काठ सुरीने कापल्यासारखे. त्यापुढे ती हलते. मोठे वळण नाही; पाण्यात बुडवलेली काठी दिसते तशी ती एका जागी मोडते, सावरते आणि पुन्हा मोडते. जिथे जिथे मोडली आहे, तिथे बाबांनी काठ जुळवण्यासाठी वरून आणखी एक हात दिला आहे. त्यामुळे ती पुढे पुढे रुंद होत गेली आहे. हा सगळा भाग व्हॅनच्या लांबीत बरोबर मावतो.

व्हॅन रंग सुकण्यासाठी ठेवलेली नव्हती, दादा. पहाटे जाऊन, कोणी पाहण्याआधी रेषा दुरुस्त करायचा त्यांचा विचार असावा. पहाटे हात जास्त थरथरतो, हे त्यांच्या लक्षात आले नसेल, किंवा तिथे गेल्यावर आले असेल.

तुझी बहीण


शनिवार, २५ फेब्रुवारी

ती. दादा,

तुझे दुसरे कार्ड पहिल्याहून लांब आहे, त्याबद्दल आभार. ‘मग प्रश्नच मिटला. मापात नसलेली रेषा ही रेषाच नाही; रेषा नाही तर मनाई नाही; मनाई नाही तर दंड नाही. फोटो काढ, टेप लावून माप घे, समोर ठेव. जिंकशील.’

युक्तिवाद बिनतोड आहे. मी पालिकेचे नियम आणून वाचले. तू म्हणतोस तसेच त्यात आहे. रेषा पुन्हा आखून द्यावी लागेल, ती अभियंत्याने तपासून मान्य केली की नाव यादीत राहील. मी फोटो काढले, टेप लावूनही काढले. रस्त्यावर ओणवी होऊन आपल्या बापाच्या कामाला टेप लावताना मला कोणी पाहिले नाही, निदान मला तसे वाटते.

आता यातली अडचण तुला दिसत नसेल तर सांगते. बाबांचे नाव वाचवायचे तर बाबांची रेषा वाकडी आहे, हे मी, त्यांच्या मुलीने, त्यांच्याच देखत सिद्ध करायचे. दोन वर्षांपूर्वी दुकानात, गिऱ्हाइकासमोर तू हेच केलेस. ‘बाबा, हात थरथरतोय तुमचा, द्या इकडे’, म्हणालास आणि ब्रशला हात घातलास. तू खोटे बोलला नव्हतास, हे मी आज लिहून देते. पण ते गिऱ्हाईक जाईपर्यंत तुला थांबता आले असते. बाबा त्या रात्री म्हणाले, ‘ज्याला माझा हात दिसतो, त्याला माझं घर दिसायची गरज नाही.’ तूही निघालास. दोघांपैकी एकजण जरी थोडा अडाणी असता, तर बरे झाले असते.

आईला मी सगळे सांगितले. ती भांडी विसळत होती.

‘जिंकलीस तर काय होईल?’

‘नाव यादीत राहील.’

‘हरलीस तर?’

‘नाव जाईल.’

‘आणि तो माणूस घरी कसा येईल, ते कुठं मोजलंस? पहिल्या नंबराची पोर ना तू?’

मी म्हटले, ‘मग तूच सांग काय करू.’

‘मी सांगितलं असतं तर तुझा दादा आज इथे जेवायला असता. माझं कोण ऐकतं या घरात?’ असे म्हणून तिने माझ्या हातात पुसायला ताटे दिली.

सुनावणीत बोलायचे मी, असे बाबांनीच ठरवले आहे.

‘मला त्या टेबलखुर्च्यांसमोर बोलता येत नाही’, म्हणाले.

‘मलाही येत नाही, बाबा.’

‘तुला लिहिलेलं वाचता येतं ना? मग लिही आणि वाच. फक्त सोपं लिही, त्यांनाही घरी जायचं असतं.’

मी टिपण केले आहे. त्यात धंद्याची पद्धत आहे, बाबांच्या इतक्या वर्षांच्या कामाचा उल्लेख आहे, आणि दुसऱ्या दिवशीच्या दुपारबद्दल एक शब्द नाही. ते छिद्र मलाही दिसते आहे. फोटो मी पिशवीतून नेणार आहे. बाहेर काढीन की नाही, हे आज सांगता येणार नाही. यावर तू रागावशील. रागाव, पण कार्ड पाठव.

तुझी बहीण


मंगळवार, ७ मार्च

ती. दादा,

सुनावणी काल झाली. जसे घडले तसे लिहिते.

खोली लहान होती. भिंतीलगत फायलींची कपाटे, एक लांब टेबल, त्यापलीकडे अधिकारी बाई आणि टेबलाच्या कडेला आपला तपासनीस. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि उजवा हात पँटच्या खिशात ठेवला होता. बाईंनी बसायला सांगितले तेव्हाही तो काढला नाही.

मी उभी राहून टिपण वाचले. पहिल्या दोन ओळी मला स्वतःलाही ऐकू आल्या नाहीत. बाई म्हणाल्या, ‘जरा मोठ्यानं वाच, बाळ. कपाटांना नाही, मला ऐकायचंय.’ मग मी मोठ्याने वाचले. बाई मध्ये बोलल्या नाहीत. संपल्यावर त्यांनी तपासनिसाचा फोटो माझ्याकडे सरकवला.

‘चांगलं लिहिलंयस. ओल्या रेषेवर गाडी लावतात हे मला माहीत नव्हतं, ते मी मानते. पण ही दुसऱ्या दिवशीची दुपार आहे. तेव्हा रेषा ओली नव्हती. मग गाडी तिथे का होती?’

पिशवी माझ्या मांडीजवळ खुर्चीवर होती. फोटो वरच ठेवलेले होते. तुझी तिन्ही वाक्ये मला पाठ होती, ‘मापात नसलेली रेषा’ इथून सुरुवात करायची होती. तुला पटणार नाही, पण भीतीने माझी वाचा गेली नव्हती. मला बोलता आले असते. मी पिशवीचा बंद धरला आणि सोडून दिला. म्हटले, ‘याचं उत्तर माझ्याकडे नाही.’

दादा, मी हरायचे ठरवले होते. तुझा सल्ला मी ऐकला नाही, हे माझ्या तोंडून तुला कळावे म्हणून लिहिते.

बाई पेन उचलत होत्या. तेवढ्यात बाबा बसल्या जागेवरून म्हणाले, ‘तिला नका विचारू. तिला माहीत आहे, पण ती सांगणार नाही.’

बाईंनी पेन खाली ठेवला. ‘मग तुम्ही सांगा.’

‘रेषा वाकडी गेली होती. झाकायला गाडी लावली.’

‘किती वाकडी?’

‘मला बघवली नाही एवढी.’

‘म्हणजे ती रेषा नियमात बसत नाही, असं तुमचं म्हणणं आहे का?’

‘नियमाचं मला ठाऊक नाही, बाई. माझ्यात बसत नाही.’

मग बाबांनी खिशातला हात काढून टेबलावर ठेवला. त्यांनी तो दाखवला, असे मी म्हणणार नाही, नुसता ठेवला. टेबलावरचा पेन किंचित खडखडला. बाईंनी तो उचलून घेतला आणि लिहायला लागल्या.

त्यांनी मला फोटो आहेत का, असे विचारले. तेव्हा मी दिले. बाबांनी ते पाहिले, टेपसकट पाहिले, आणि माझ्याकडे पाहिले. ‘टेप माझीच नेलीस की काय?’ एवढेच म्हणाले.

निकाल असा: रेषा प्रमाणित नसल्यामुळे दंड रद्द. त्याच रंगाऱ्याने ती या आठवड्यात स्वखर्चाने पुन्हा आखून द्यावी. रस्ते विभागाच्या अभियंत्याने तपासून मान्य केल्यास नाव यादीत राहील, न केल्यास जाईल. तपासनीस कपाळाला हात लावून म्हणाला, ‘बाई, हे बाहेर कळलं तर उद्या सगळे जण टेप घेऊन माझ्यामागे लागतील.’ बाई म्हणाल्या, ‘मग तूही एक घे.’

जिना उतरताना बाबा म्हणाले, ‘काम तर परत आलं. आखणार कोण?’ मी सूत धरीन, म्हटले. ‘सूत मी धरीन’, म्हणाले. घरी येईपर्यंत त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता. नियमात दुकानाचे नाव लागते, हात कोणाचा ते लिहावे लागत नाही, असे मला, वाचता येणाऱ्या मुलीला, त्यांनी समजावून सांगितले.

तुझी बहीण


रविवार, १२ मार्च

ती. दादा,

चार दिवस दुकानामागच्या अंगणात पाण्याने रेषा काढल्या. पाण्याच्या बऱ्या, कारण वाळल्या की पुरावा राहत नाही. बाबा खुर्ची टाकून बसत. ‘ब्रशकडे बघतेस म्हणून वाकडी जाते. शेवटाकडे बघ. हात आपोआप येतो मागनं.’ मी म्हटले, ‘चिकटपट्टी लावू का?’ त्यांनी उत्तर दिले नाही, म्हणून मी लावली नाही. मागाहून आई मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘विचारायचं कशाला? लावायची.’ पण तोवर माझाही हट्ट झाला होता.

काल सकाळी गल्लीत गेलो. जुना वाकडा भाग आदल्या दिवशी काळ्या रंगाने बुजवला होता. बाबांनी एका टोकाला गुडघे टेकून डाव्या हाताने सूत दाबून धरले, मी दुसऱ्या टोकाला ताणले. मग ब्रश माझ्या हातात दिला आणि ते फाटकापाशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. जाणारे-येणारे सगळे मलाच पाहत आहेत, असे मला पहिल्या हातभर वाटत होते. नंतर पाहणारे होते की नाही, ते माहीत नाही. मी टपालपेटीकडे पाहत होते.

व्हॅन या वेळी रेषेवर लावायची नव्हती. बाबांनी ती लांब, पैसे भरून लावायच्या जागेत ठेवली आणि पावती मागून घेतली. त्यामुळे रंग सुकेपर्यंत रेषेजवळ मी उभी राहिले. दोन गाड्या आल्या. पहिलीला हात केला, दुसरीला तोंडाने सांगितले, ‘इथे लावू नका, ओलं आहे.’ दोघांनीही ऐकले. यात विशेष काही नाही, पण तुला माझी शाळेतली तोंडी परीक्षा आठवत असेल.

अभियंता दुपारी आला, तरुणच आहे. टेप लावली, चार ठिकाणी माप घेतले, एका ठिकाणी रंग जाड बसलाय म्हणाला आणि सही केली. ‘काका, हात अजून पक्का आहे तुमचा’, असे बाबांना म्हणाला. बाबा म्हणाले, ‘माझा नाही, हिचा.’ त्याने माझ्याकडे पाहिले, वहीत काही लिहिले नाही आणि निघून गेला. नाव यादीत राहिले.

काल संध्याकाळी आम्ही दुकानात ब्रश धुवत होतो. टर्पेंटाइनचा डबा मी धरला होता आणि बाबा ब्रश बुडवून कापडावर दाबत होते. त्या कामाला हात थरथरला तरी चालतो, उलट रंग लवकर सुटतो. वर न बघता म्हणाले, ‘त्याला लिहितेस ना तू?’

मी डबा दुसऱ्या हातात घेतला.

‘तिकिटं माझ्या गल्ल्यातनं जातात. मोजत नाही, पण दिसतात.’

‘हो. लिहिते.’

‘काय लिहितेस?’

‘रेषेचंच.’

‘वाकडी गेली, हे लिहिलंस?’

‘लिहिलं.’

त्यांनी तो ब्रश कापडात गुंडाळला, दुसरा घेतला, तो बुडवला. मला वाटले, विषय संपला.

‘ते तुझ्याकडून झालं’, म्हणाले. ‘आता माझ्याकडून लिही. वाकडी गेली होती, म्हणावं. आणि तू आधीच सांगितलं होतंस, म्हणावं.’

‘आणखी काही?’

‘नाही. एवढंच. पुढे तुझं शेपूट जोडू नकोस.’

म्हणून जोडत नाही.

तुझी बहीण